ऊन न येणारं दार

सोलापूरला माणसं जातात ती चादरी आणायला, नाहीतर अक्कलकोटच्या वाटेवर जेवायला. मी आणि माझी आई गेलो ते एक आवार शोधायला, आणि ते आवार कुठल्याही नकाशावर नव्हतं. लोकांना असं सांगितलं की ते पहिल्यांदा आईकडे बघतात आणि मग माझ्याकडे. आई ऐंशीला टेकलेली, मी चिपळूणला भूगोल शिकवून निवृत्त झालेली. नकाशे वाचण्यात आपल्याला कुणी हरवणार नाही असा मला जरा माज होता. तो कसा उतरला, तेही पुढे येईलच.

आई मूळची सोलापूरच्या तेलुगू विणकरांतली. दहा-अकरा वर्षांची असताना तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा राजय्या, सगळं बिऱ्हाड घेऊन भिवंडीला गेले; तिथून ती लग्न होऊन चिपळूणला आली. आई आयुष्यभर सांगत आली, की त्यांचं घर एका लांबच लांब आवारात होतं. दोन्ही बाजूंना घरं, सगळ्यांची दारं आत, मधोमध कडुलिंबाच्या झाडाखाली पोचम्मा देवीचा दगड. पहाटे त्या आवारात लुगड्यांचे ताणे ताणायचे, म्हणजे उभे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यांना कुंच्यानं खळ लावायची. हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे नीटसं कधीच ऐकलं नाही.

मात्र गेल्या वर्षभरात आई विसरायला लागली. आमटीत साखर पडली, शेजारणीचं नाव गेलं, मला ती मधूनच तिच्या आत्याच्या नावानं हाक मारायला लागली. आवाराची गोष्ट मात्र वाढतच गेली. पुण्याला दादाकडे गेलो होतो, तेव्हा दादा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाला, "आई आता मनाचं सांगायला लागलीय. मी इंटरनेटवर सगळं बघितलं, असं आवारबिवार काही नाही." हळूच म्हणजे त्याच्या मते हळूच. रात्री गादी घालताना आईनं मला विचारलं, "मी मनाचं सांगते का गं?"

मला इतका राग आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी चिपळूणऐवजी सोलापूरच्या रस्त्याला लावली.

मोडनिंब

सोलापूरचा रस्ता सरळ. आमच्याकडे घाटाच्या प्रत्येक वळणावर देवाचं नाव घ्यायला निमित्त मिळतं. इथे गाडी आपोआप जाते आणि डोळे मिटायला लागतात. म्हणून मोडनिंबला थांबलो. जानेवारीचे दिवस, हुरड्याचा हंगाम. रस्त्याकडेच्या एका शेतात बाजा टाकल्या होत्या आणि एक बाई गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कणसं भाजत होती. तळहातावर चोळून फुंकर मारली की हिरवे दाणे, वर शेंगांची चटणी. आम्ही कोकणातली माणसं पाहुण्याला आधी पाणी विचारतो, मग गूळ, मग ओळख. इथे ओळख नंतर, आधी हातावर हुरडा.

"खावा की. लाजायलाय कशाला?" ती बाई म्हणाली.

"लाजत न्हाई गं, दात न्हाईत," आई म्हणाली.

मी चमकून बघितलं. घरात 'नाहीत गं बाई' म्हणणारी आई मोडनिंबपासून 'न्हाईत' म्हणायला लागली होती. पुढच्या दीड तासात तिची भाषा पूर्ण पालटली आणि सोलापूर आलं तेव्हा शेजारी एक निराळीच बाई बसलेली होती. मला ती आवडली.

कुंभारी

मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, शहराबाहेर कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत राहतो. बिऱ्हाड भिवंडीला गेलं तेव्हा तो पाळण्यात होता. मोठा झाल्यावर मात्र सोलापूरला परत आला आणि टॉवेलच्या कारखान्यात माग चालवून निवृत्त झाला. आईला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाचव्या मिनिटाला दोघं भांडायला लागली.

"अक्का, तसलं आवार न्हवतंच की," मामा म्हणाला. "नवीन लगीन झालं तवा मी जाऊन बघून आलोय. बोळ हाय तितं. साधा बोळ."

"तू पाळण्यात हगत होतास. तुला काय ठावं?"

"आदी जेवा की, मग भांडा," मामी म्हणाली. तिनं कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि पच्चिपुलुसू पुढं केलं. पच्चिपुलुसू म्हणजे चिंचेचं पातळ, कांदा-मिरची घातलेलं, न उकळलेलं सार. आमची सोलकढी पोटाला शांत करते. हे सार आधी कान गरम करतं आणि मग शांत करतं. मी तीन वाट्या प्यायले आणि घाम पुसत बसले. मामी खूष झाली.

जेवण झाल्यावर मामानं मला बाजूला घेतलं. "भाची, तिला उगं फिरवू नकोस. न्हाई सापडलं तर लई मनाला लावून घेईल ती."

मामाचं चुकत नव्हतं. पण तोवर मी एका माणसाला फोन करून बसले होते.

नवी पेठ

त्या माणसाचं नाव शिवप्पा. नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि जुने नकाशे गोळा करण्याचा त्यांना नाद आहे. आमच्यासारख्या नादिष्टांचा फोनवर एक गट आहे, त्यातून ओळख. आईला आणि मामाला घेऊन नवी पेठेत गाडी नेण्याचा मूर्खपणा मी एकदाच केला. रिक्षा, माणसं, साड्यांचे गठ्ठे आणि एक निवांत गाय यांच्यात अर्धा तास उभी राहिले. शेवटी एका रिक्षावाल्यानंच सुचवलं, की बाई, गाडी राहू द्या, चालत जावा, लवकर पोचाल.

"बर्री, बर्री," शिवप्पांनी गादीवरूनच या-या म्हणून हाक मारली. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि आईला बघून त्यांनी तेलुगूतही दोन वाक्यं टाकली. आईनं उत्तर दिलं आणि तिचा चेहरा उजळला.

जनगणनेची छापील पुस्तकं मी आधीच चाळली होती. त्यांत वॉर्डातली माणसं किती आणि विणकर किती एवढंच मिळतं, कुणाचं घर कुठं ते नाही. शिवप्पांकडे मात्र त्याहून मोलाची गोष्ट होती. त्यांचे वडील शाळामास्तर. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या खानेसुमारीला सरकारनं मास्तरांना विणकरांच्या वस्तीत, पूर्व भागात, घरोघर धाडलं होतं. पक्के कागद सरकारजमा झाले, पण मास्तरांनी कच्ची घरयादी परीक्षेच्या उरलेल्या कागदांवर केली होती आणि त्या घरात कागद टाकायची पद्धत नव्हती. घर नंबर, कर्त्याचं नाव, धंदा, पुरुष किती, बायका किती, एवढंच.

चौथ्या घरापुढं लिहिलं होतं: राजय्या, विणकाम.

 आईनं पदरानं चष्मा पुसला आणि परत घातला. मी घाईघाईनं नकाशा मागितला.

पूर्व भागाचा एक जुना नकाशा शिवप्पांनी गादीवर पसरला. आई सांगत होती त्या ठिकाणी एक लांब मोकळी पट्टी होती आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: गल्ली.

"बघ की अक्का! गल्ली!" मामानं मांडीवर थाप मारली.

"गल्लीत ताणा कोण ताणंल? बैलगाडी आली तर?" आई म्हणाली.

इथे माझा भूगोल कामी आला. गल्ली म्हटली की ती एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जायला हवी. ही पट्टी पूर्वेकडच्या रस्त्याला उघडत होती आणि पश्चिमेला चक्क भिंत. शिवाय मधोमध देवळाची छोटी खूण. रस्त्याच्या मधोमध देवी बसवून दोन्हीकडे घरं कोण बांधेल? मोजणीदाराला लांबट मोकळी जागा दिसली आणि त्यानं गल्ली लिहून मोकळं व्हायचं ठरवलं, एवढंच.

"म्हणजे आवारच होतं," शिवप्पा म्हणाले.

मामानं वाकून ती पश्चिमेची भिंत बोटानं चाचपली. आईनं चहाबरोबर शेंगापोळी मागून खाल्ली. दादाला तेव्हाच फोन लावावा असं मला फार वाटलं, पण म्हटलं, आधी घर सापडू दे. यादीची आणि नकाशाची चित्रं मी फोनमध्ये काढून घेतली.

पूर्व भाग

आता पुढचं काम म्हणजे माझ्या हातचा मळ. जुन्या नकाशावर आजचा नकाशा ठेवायचा, यादीतला पहिला नंबर पट्टीच्या तोंडाशी धरायचा आणि चौथं घर गाठायचं. आवाराच्या दक्षिणेकडच्या भागावर आता एका मंगल कार्यालयाचं पटांगण आहे आणि उत्तरेकडे मामाचा तो बोळ. यंत्रमागांची धडधड दोन्ही बाजूंनी येत असते. आईला बोललेलं ऐकू येईना, पण ती त्या आवाजात मान डोलवत चालत होती.

मी वरच्या ओळीपासून मोजत गेले. एक, दोन, तीन, आणि चौथ्या जागी एक चिकन सेंटर निघालं.

"हे घे आई. तुझं घर," मी जरा नाटकी आवाजात म्हटलं.

आई दुकानाच्या दारात उभी राहिली. दुपारचं ऊन तिच्या तोंडावर. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांनीही तिच्याकडे बघितलं. 

"ह्ये न्हवं," ती म्हणाली. "हितं ऊन हाय."

"मग सोलापुरात काय बर्फ पडायचाय का, अक्का?" मामा म्हणाला.

"आमच्या दारात ऊन यायचं न्हाई. थंडीत अम्मा आमाला समोरच्या वळीत धाडायची. ऊन खायला."

मामा हसायला लागला. दुकानदारही हसला. "आज्जी, सोलापुरात ऊन न येणारं दार असंल तर मला सांगा, मी दुकान तितं हलवतो की!"

खरं तर वाक्य मजेशीरच होतं. मीही हसले असते, पण आईचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या फोनमधल्या कागदाकडे. कागद खोटं बोलणार नाही हे तिला कळत होतं. मग खोटं कोण बोलतंय हे ती मनात ताडत होती.

"घरी जाऊ या," ती म्हणाली. "माझं काहीतरी चुकत असंल."

आवार होतं हे सिद्ध झालं होतं, पण त्यानं काही भागेना. तिला तिचं दार हवं होतं. आणि खरं सांगते, गाडीत बसताना मलाही वाटून गेलं, की दादाचं बरोबर असेल. आवार खरं आणि दार मनाचं, असंही होत असेल. संध्याकाळभर मी सगळ्यांवर चिडचिड केली. मामीनं पच्चिपुलुसूची वाटी पुढं सरकवली.

पुन्हा कुंभारी

दुसऱ्या दिवशी सकाळी हवेत गारवा होता. वसाहतीच्या मोकळ्या जागेत एक लिंब आहे, त्याच्या बुंध्याशी हळद-कुंकू लावलेला दगड. इथल्या तेलुगू घरांनी शहरातून येताना आपली पोचम्मा आणली आणि इथे बसवली. मामी पाणी घालायला गेली आणि आईही तिच्या मागून फेरी घालायला लागली. तिनं अंगावर काही घेतलं नव्हतं, म्हणून मी शाल घेऊन धावले आणि जवळ पडतं म्हणून झाडाला उलटीकडून वळून तिच्यासमोर गेले.

आईनं माझं मनगट धरलं. विसरणाऱ्या बाईची पकड नव्हती ती.

"उलटी कुटं जायलीस? देवी उजव्या हाताला ठेव!"

मी शाल तशीच हातात धरून उभी राहिले. मामीला वाटलं मला राग आला. राग कसला, माझ्या डोळ्यापुढं अख्खं आवार उभं राहिलं होतं.

मी काय केलं होतं? नकाशा वाचला होता. नकाशात उत्तर वर असते आणि आपण वरून खाली वाचतो, म्हणून मी वरच्या ओळीपासून सुरुवात केली होती. पण शिवप्पांच्या वडिलांच्या हातात नकाशा नव्हता. ते पूर्वेच्या तोंडातून आवारात आले आणि मधोमध देवी. तिला उजव्या हाताला ठेवायचं तर डावीकडून निघायला हवं, म्हणजे दक्षिणेकडच्या ओळीपासून. मी मोजली ती वाट देवीला डाव्या हाताला ठेवणारी. त्या आवारात राहणारं पोरसुद्धा अशी चूक करणार नाही. ती करायला भूगोलाची बाईच लागते.

खात्रीसाठी मी शिवप्पांना फोन लावला. "तुमचे वडील देवीला डाव्या हाताला ठेवून घरं मोजतील का हो?"

 पलीकडून दुखावलेला आवाज आला, "ओ बाई, काय बोलायलाय? आमचे वडील शाळेचं मैदानसुद्धा उलटं फिरत न्हवते की!"

देवी उजव्या हाताला

आता दक्षिणेची ओळ म्हणजे मंगल कार्यालयाचं पटांगण, आणि नेमकं त्या दिवशी तिथं लग्न. फाटकातच एका फेटेवाल्यानं मामाला पकडलं आणि तो 'आमी पाहुणे न्हाई' म्हणेपर्यंत त्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा चढला. तेवढ्यात नवरीचे काका समोर आले. आम्ही कुठल्या बाजूचे, असं त्यांनी विचारलं. मामानं फेट्यासकट खरं ते सांगितलं, की बहिणीचं जुनं घर हितं होतं, ती बघायला आलीय. काका हसले. "मग तुमीच घरचे की. बघून घ्या, पण जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

आई पटांगणाच्या तोंडाशी उभी राहिली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. यादी मी फोनमध्ये उघडून धरली, पण तिला दाखवली नाही. फक्त म्हटलं, "आई, मधोमध देवी आहे असं धर. आणि चाल."

मोटारसायकलींच्या रांगेतून आई डाव्या बाजूनं निघाली. चार पावलांवर थांबली. "हे मल्लय्याचं."

यादीत पहिलं नाव मल्लय्या.

"हे बालम्माचं."

यादीत दुसऱ्या घरापुढं 'बंद' लिहिलेलं. मी तसं सांगितलं. आई थांबून माझ्यावरच चिडली. "बंद कसलं? ती बाळंतपणाला म्हायेरी गेली असंल. दर वरसाला जायची."

तिसरं घर तिनं बरोबर सांगितलं. मामा फेटा सावरत माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होता. त्याचा श्वास मला कानाजवळ ऐकू येत होता.

चौथ्या जागी कार्यालयाच्या स्वयंपाकघराची भिंत होती. तिच्या कडेनं आचारी बायका लसूण सोलत बसल्या होत्या, शाली पांघरून. सकाळ चांगली वर आली होती, समोरच्या बाजूला चिकन सेंटरच्या पत्र्यावर ऊन चकाकत होतं, आणि इथे भिंतीची सावली. दार उत्तरेला, दक्षिणेकडचा सूर्य घराच्या पाठीमागे. अख्खा हिवाळा या उंबऱ्यावर ऊन येणार नव्हतं.

आई त्या सावलीत जाऊन उभी राहिली. एक आचारीबाई म्हणाली, "आज्जी, तितं गार हाय, पलीकडं उन्हात बसा की."

"ठावं हाय," आई म्हणाली. "अम्मा पण हेच म्हणायची."

मामानं फेटा काढला. त्यानं आधी समोरच्या उन्हाकडे बघितलं, मग पायाखालच्या सावलीकडे. "अक्का," तो म्हणाला. मग नाक पुसून मला म्हणाला, "वाच की. काय लिवलंय चौथ्या घरात?"

मी वाचलं. "राजय्या. विणकाम. पुरुष दोन. बायका तीन."

"आन मी?"

"तू जन्माला यायचा होतास. गप उभा ऱ्हा," आई म्हणाली. मग तिनं बोटं पुढं धरली. "पुरुष दोन. बापू आन काका. बायका तीन. अम्मा. आत्या." तिसऱ्या बोटाशी ती थांबली. ते बोट तिनं स्वतःच्या छातीवर टेकवलं. "मी."

मी रडले, हे सांगून टाकते. लसूण सोलणाऱ्या बायकांनी त्याचा दोष लसणाला दिला असेल तर असो.

तेवढ्यात दादाचा फोन आला, की कुठे आहात, आई ठीक आहे ना. मी तोंड उघडायच्या आत आईनं फोन माझ्या हातातून घेतला.

"आपलं घर सापडलं," ती म्हणाली. "आन ऐक. मी मनाचं सांगत न्हाई. मला सरकारनं मोजलंय. तीन बायकांतली तिसरी मी."

फोन तिनं माझ्या हातात ठेवला. नवरीचे काका पंगतीत जागा राखून हाका मारत होते. आई निघाली, मधोमध उभ्या असलेल्या मोटारसायकलींना उजव्या हाताला ठेवत, सावलीतून हळूहळू उन्हाच्या बाजूला.